होडीच्या तळाचा जुना ट्रान्सड्यूसर: ओळखायचा कसा, बदलायचा कसा

मासेमारीबंदीचे जून-जुलै हे दोन महिने म्हणजे होडीच्या तळाला हात घालायची वर्षातली सोयीची वेळ. मे अखेरच्या उधाणाला होड्या वर चढतात, तळ खरवडला जातो, रंगाचे डबे उघडतात. त्याच धांदलीत कुणीतरी म्हणतं, "फिशफाइंडर नीट दाखवत नाही, ट्रान्सड्यूसर बदलून टाकू." मग दुकानातून मिळेल तो ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा तळाचा भाग, आणला जातो आणि जुन्या भोकात ठोकून बसवला जातो. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की तीच तक्रार पुन्हा सुरू होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तळातून पाणी यायला लागतं.

ज्यांच्या हातात वडिलांची जुनी होडी नुकतीच आली आहे, ज्यांनी दुसऱ्याकडून वापरलेली घेतली आहे, किंवा जे बंदरावर हे काम शिकताहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं कोकण किनाऱ्याची घेतली आहेत. इथे एकाच बंदरात लाकडी होडी, फायबरची होडी आणि लाकडावर फायबर चढवलेली होडी शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि तिघींचे नियम वेगळे आहेत. माझं ठाम मत असं की या कामातला निम्मा वेळ ओळखण्यात गेला पाहिजे. एकदा ओळख पटली की बसवणं हे साधं सुतारकाम आहे.

आधी एवढं समजून घ्या

केबिनमधलं यंत्र तारेतून विजेचा झटका पाठवतं. ट्रान्सड्यूसरच्या पोटात सिरॅमिकची चकती असते. झटका बसला की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. तो आवाज तळावर आपटून परत आला की तीच चकती तो ऐकते आणि त्याची पुन्हा वीज करते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे १० मीटर पाण्यात जाऊन-येऊन त्याला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजतं, अर्धा करतं आणि खोली दाखवतं. १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली, चकती आणि पाणी यांच्या मध्ये हवा आली की काम थांबतं. हवा म्हणजे बुडबुडे, सुटलेला रंग, पोकळ जागा, काहीही. दुसरी, चकती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला थरथरायला बनवलेली असते. तिला भलत्याच फ्रिक्वेन्सीचं यंत्र जोडलं तर ती नीट बोलत नाही आणि नीट ऐकतही नाही.

पायरी १: तो खरंच गेलाय का?

बदलायला काढलेल्या ट्रान्सड्यूसरांतले बरेचसे चांगले असतात. म्हणून आधी तक्रार नीट विचारून घ्या. "दाखवत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. कधी दाखवत नाही, ते विचारा.

होडी उभी असताना खोली बरोबर येते आणि वेग घेतला की आकडा जातो, असं असेल तर ट्रान्सड्यूसर जिवंत आहे. त्याच्या तोंडावरून बुडबुडे जाताहेत. जागा चुकीची आहे, किंवा तोंडाच्या पुढे तळावर काहीतरी वाढलंय, किंवा कुणीतरी पाणी खेचायचा नवा पाइप त्याच्या पुढ्यात बसवलाय.

इंजिन चालू केलं की पडद्यावर रेघा येतात आणि इंजिन बंद करून नुसत्या बॅटरीवर चालवलं की पडदा स्वच्छ होतो, असं असेल तर दोष विजेचा आहे. अल्टरनेटर, अर्थिंग, किंवा इतर तारांबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधलेली ट्रान्सड्यूसरची तार, यांतलं काहीतरी.

आकडा उभ्या होडीतही वेडावाकडा उड्या मारतो, तार हलवली की बदलतो, तर कनेक्टर पाहा. यंत्रामागचा कनेक्टर काढून उजेडात धरा. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, हे नेहमीचंच. कॉन्टॅक्ट क्लिनर आणि मऊ ब्रश घेऊन साफ करा आणि पुन्हा लावून बघा. एवढ्यावर काम भागलं तर तळाला हातही लावायला नको.

आणि दर वर्षी थोडं थोडं कमी दाखवत गेलं, आता खोल पाण्यात काहीच येत नाही, असं असेल तर होडी वर आल्यावर खाली वाका आणि तोंड बघा.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त ट्रान्सड्यूसर याच जागी बळी जातात. तळाला रंग देणारा माणूस झपाट्याने रोलर फिरवतो. मध्ये येणारी ती गोल चकती त्याच्यासाठी तळाचाच भाग असते. दर वर्षी एक हात, कधी दोन. काही वर्षांनी तोंडावर रंगाची अशी जाड खपली जमते की नखाने टोकरली तर लाल, मग निळा, मग पुन्हा लाल असे पापुद्रे सुटत जातात. मधला एखादा पापुद्रा आतून सुटलेला असतो आणि त्याखाली हवा अडकलेली असते. मेण लावलेल्या कानाने माणूस ऐकेल तितकंच हा ट्रान्सड्यूसर ऐकतो. लोखंडी पटाशी मारू नका. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्या, रंग हलक्या हाताने सोडवा, मग २२० नंबरचा किंवा त्याहून बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल फिरवत घासा. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांतलं काहीही प्लॅस्टिकच्या तोंडाला लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. साधं साबणपाणी पुरतं.

तोंड स्वच्छ झालं की नीट बघा. तडा आहे का? चकतीवरचं आवरण फुगलंय का? कडेने अंगठा दाबला तर ओल झिरपते का? तडा असेल तर पाणी आत शिरलेलं आहे असंच धरा. असा ट्रान्सड्यूसर आज चालत असला तरी भर हंगामात दगा देईल.

मग दोन सोप्या चाचण्या. यंत्र काही सेकंदच चालू करा आणि तोंडाशी कान न्या, बारीक टिक-टिक ऐकू यायला हवी. नंतर पडद्याचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करून दाखवायचं सेटिंग, पूर्ण वाढवून तोंडावर तळहात जोरात घासा. चकती ऐकत असेल तर पडद्यावर खरखर उमटते. हे फक्त लहान, ५००-६०० वॅटच्या यंत्रांबाबत करा, आणि लगेच बंद करा. मोठ्या ताकदीचा ट्रान्सड्यूसर हवेत चालवला तर तापून खराब होतो. आणि यंत्र चालू असताना कनेक्टरच्या उघड्या पिनांना किंवा तुटलेल्या तारेला कधीच हात लावायचा नाही. त्या झटक्यात शेकडो व्होल्ट असतात.

मल्टिमीटर असेल तर यंत्र बंद करून कनेक्टर काढा आणि सिग्नलच्या दोन पिनांमध्ये कपॅसिटन्स मोजा. चांगली चकती काही नॅनोफॅरड दाखवते. तुटलेल्या तारेत नुसत्या तारेचाच आकडा येतो, तो १० मीटर तारेला साधारण १ नॅनोफॅरड इतका लहान असतो. म्हणजे अगदीच कमी आकडा आला तर चकतीपर्यंत आपण पोचलेलोच नाही, तार मध्येच तुटली आहे. ओहममध्ये मोजाल तर सावध राहा. साध्या चकतीत रोध जवळजवळ अनंत येतो, पण काही ट्रान्सड्यूसरांच्या पोटात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यांत काही ओहमच येतात. तो शॉर्ट समजून फेकू नका, आधी त्या मॉडेलची माहितीपत्रिका बघा. तापमानाचा सेन्सर असेल तर त्याच्या दोन पिनांमध्ये २५ अंशाला सहसा १० किलोओहमच्या आसपास येतं. गरम दिवसात त्याहून कमी. मेगर, म्हणजे जास्त व्होल्टने इन्सुलेशन तपासायचं मीटर, मात्र लावू नका.

पायरी २: ओळख पटवा

आता धरून चालू की तो खरंच गेला आहे. काढायच्या आधी त्याची पूर्ण ओळख लिहून घ्यायची, कारण काढताना तो बहुतेक वेळा तुटतोच.

सुरुवात आतून करा. तारेवर, कनेक्टरपासून हातभर अंतरात, बहुतेक चांगल्या कंपन्यांची चिकटपट्टी असते. त्यावर मॉडेल, फ्रिक्वेन्सी आणि अनुक्रमांक छापलेला असतो. जुन्या होडीत ती डिझेलच्या धुराने काळी पडलेली असते. ओल्या फडक्याने हळूच पुसा आणि मोबाइलने फोटो काढा. अक्षरं गेली असली तरी फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर बऱ्याचदा वाचता येतात. केबिनमध्ये पट्टी सापडली नाही तर तार हाताने चाचपत थेट तळापर्यंत जा. मध्ये कुठे जोड आहे का, तेही कळतं. जुन्या होड्यांत तार कापून, वळवून, इन्सुलेशन टेप गुंडाळून जोडलेली सापडते. असा जोड पाणथळ जागेत असेल तर सगळा दोष तिथेच असू शकतो.

पट्टी नसेल तर यंत्राची पाठ बघा. यंत्राचं मॉडेल कळलं की त्याला कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आणि किती वॅटचा ट्रान्सड्यूसर चालतो ते कळतं. आपल्याकडच्या लहान-मध्यम होड्यांत ५० आणि २०० किलोहर्ट्झची जोडी सगळ्यात जास्त दिसते. फुरुनोचा ५२०-५पीएसडी हा ६०० वॅटचा प्लॅस्टिक ट्रान्सड्यूसर आणि त्याचाच ब्राँझचा भाऊ ५२०-५एमएसडी ही त्यातली ओळखीची नावं. जुन्या यंत्रांत २८, ३८, ७५, ८८ किंवा १५० किलोहर्ट्झसारखे आकडेही निघतात. तिथे नुसता ट्रान्सड्यूसर बदलून उपयोग नाही. त्या फ्रिक्वेन्सीचा नवा मिळाला नाही तर यंत्रही बदलावं लागेल, हे खर्चाच्या हिशोबात आधीच धरा.

फ्रिक्वेन्सीचा अर्थ कामाच्या भाषेत असा. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद, बारकावे दाखवणारा, उथळ पाण्याचा. ५०चा झोत रुंद, खोल जाणारा, पण ढोबळ. या ६०० वॅटच्या जातीत २००चा झोत साधारण १२ अंशांचा आणि ५०चा ४५ अंशांच्या आसपास असतो. २० मीटर पाण्यात पहिला तळावर जेमतेम ४ मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो, दुसरा १६ मीटरांहून मोठं.

वॅटचं गणित चुकवू नका. ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरला १ किलोवॅटचं यंत्र पूर्ण ताकदीने जोडलं तर चकती जळते. उलट चालतं, फक्त खोल पाण्यात कमी दिसतं. नवीन चर्प यंत्र, म्हणजे एकाच झटक्यात अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र, घेणार असाल तर जुना एका फ्रिक्वेन्सीचा ट्रान्सड्यूसर त्याला पुरा पडणार नाही. चर्पला रुंद पट्ट्यावर काम करणारा ट्रान्सड्यूसर लागतो.

आता बाहेरून. तो कुठे आणि कसा बसलाय त्यावरून जात ठरते. मागच्या फळीला ब्रॅकेटवर लटकलेला असेल तर तो ट्रान्सम माउंट, लहान आउटबोर्ड होड्यांचा. तळातून आरपार गेलेला, बाहेर सपाट किंवा छत्रीसारखं डोकं आणि आत आटे पाडलेला दांडा आणि नट, तर तो थ्रू-हल. त्याच्याभोवती होडीच्या आकाराचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा असेल तर तो फेअरिंग ब्लॉक. आणि बाहेरून काहीच दिसत नाही, आत तळाला चिकटवलेली टाकी किंवा गोळा आहे, तर तो इन-हल, फायबरमधून आवाज सोडणारा.

धातू ओळखायला कोपऱ्यात कानसीने हलकी रेघ ओढा. लालसर पिवळा निघाला तर ब्राँझ, पांढरा निघाला तर स्टेनलेस. दांड्याचा व्यास, दांड्याची लांबी, डोक्याचा व्यास आणि त्या जागी तळाची जाडी व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. नवीन ट्रान्सड्यूसर त्याच भोकात बसणार की नाही हे या चार आकड्यांवर ठरतं, दुकानदाराच्या अंदाजावर नाही.

पायरी ३: होडी कशाची, त्यावरून नवा निवडा

लाकडी होडीत प्लॅस्टिकचा थ्रू-हल बसवायचा नाही. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं, भोक आवळतं आणि प्लॅस्टिकचा दांडा चिरतो. चिरला तर थेंबाथेंबाने नाही, धार लागते. लाकडाला ब्राँझ. लाकडावर फायबर चढवलेल्या होडीलाही हाच नियम लावा. वरून ती फायबरची दिसते, पण भोक लाकडातूनच जातं.

पूर्ण फायबरच्या होडीला प्लॅस्टिकही चालतो आणि ब्राँझही. प्लॅस्टिक स्वस्त, गंजायचा प्रश्न नाही. पण होडी वाळूवर ओढली जाते, दगड लागतात, तिथे ब्राँझ जास्त टिकतो.

लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत ब्राँझ लावू नका. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडले की त्यातला एक झिजतो, आणि इथे झिजणारी तुमची बोट असेल. तिथे स्टेनलेस, तोही मध्ये प्लॅस्टिकची बाही घालून, किंवा कंपनीने मान्य केलेला प्लॅस्टिकचा. कोणत्याही बोटीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असेल तर धातूचा ट्रान्सड्यूसर नकोच. आणि बाजारात ब्राँझ म्हणून पितळ विकलं जातं. पितळातला जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातो आणि उरलेला धातू भुसभुशीत होतो. पाण्याखालच्या भोकात पितळ चालत नाही.

तळाचा उतारही मोजा. होडी समतल उभी करून, ट्रान्सड्यूसरच्या जागी आडवी पट्टी धरून मोबाइलच्या लेव्हलने कोन घ्या. ७ अंशांपर्यंत साधा सपाट ट्रान्सड्यूसर चालतो. त्यापुढे चकती आतून कललेले प्रकार मिळतात: ८ ते १५ अंशांसाठी १२ अंशांचा, १६ ते २४ साठी २० अंशांचा. साधा दांड्याचाच घेणार असाल तर १० अंशांच्या वर फेअरिंग ब्लॉक हवाच, नाहीतर झोत सरळ खाली न जाता बाजूला जातो आणि खोली खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. उथळ खाडीत हे धोक्याचं आहे.

पायरी ४: जुना काढणं

बॅटरी तोडा. आतून नट सैल करा. काही वर्षं बिल्जच्या, म्हणजे होडीच्या पोटात तळाशी साठणाऱ्या, पाण्यात राहिलेला नट सहसा हलत नाही. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. मोठा पाना लावताना दुसऱ्याने बाहेरून डोकं धरायचं, नाहीतर सगळाच फिरतो आणि फायबरचे थर सोलतो.

नट निघाला की आतून लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्या. हलला नाही तर ताकद वाढवू नका. बाहेरची कडा ग्राइंडरने कापून काढा आणि उरलेला दांडा आत ढकला. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. फायबरची पूड वाईट, आणि चकतीच्या सिरॅमिकमध्ये शिसं असतं. चकती कापू नका, फोडू नका, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका.

भोक उघडं झालं की त्याच्या कडा वाचा. इथे होडी तुम्हाला खरं सांगते. लाकूड काळं पडलंय का, स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत जातं का? जात असेल तर चांगलं लाकूड लागेपर्यंत कुजलेला भाग काढायला हवा, आणि ते काम सुताराचं आहे. फायबरच्या दोन थरांत फोम किंवा बाल्सा (हलकं लाकूड) असेल तर तो ओला आहे का बघा. ओला असेल तर पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात नुसत्या वाऱ्यावर सुकत नाही, बल्ब लावून ठेवावा लागतो.

पायरी ५: तेच भोक की नवं?

व्यास जुळत असेल, कडा निरोगी असतील आणि जुन्या जागी होडी धावताना आकडा येत होता, तर तेच भोक वापरा. तळाला जितकी कमी भोकं तितकं बरं.

भोक लहान असेल तर होल सॉला, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीला, मध्ये टेकायला जागा उरत नाही. आधी भोकात लाकडाची खुंटी घट्ट बसवा, मग मध्य काढून मोठा होल सॉ चालवा.

भोक मोठं असेल तर बुजवून पुन्हा पाडणं हाच मार्ग. "जास्त सीलंट भरू" हा मार्ग नाही. फायबरमध्ये भोकाच्या कडा आतून-बाहेरून लांब उतरत्या घासायच्या, जाडीच्या साधारण १२ पट लांबीचा उतार, आणि मग कापडाचे थर एकावर एक चढवायचे. १० मिलिमीटर जाडीला १२० मिलिमीटर उतार म्हटल्यावर नवख्याला तो फार वाटतो. पण पाण्याखालचं भोक आहे, पकड या उतारावरच येते.

नवी जागा शोधायची असेल तर सावकाश चालणाऱ्या जड होडीसाठी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पाण्यातल्या लांबीच्या एक तृतीयांश ते अर्ध्या अंतरात बघा. नाळेच्या लाटेचे बुडबुडे त्या आधीच निघून गेलेले असतात आणि पंख्याचा गोंधळ अजून सुरू झालेला नसतो. पठाणापासून, म्हणजे कीलपासून, इतकं बाजूला की झोत तिला लागणार नाही. पंख्याचं पातं ज्या बाजूला खाली जातं ती बाजू जास्त शांत असते. होडी पुढे जाताना, मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याला ती उजवी. पुढ्यात पाइपचं तोंड, जोडपट्टी, खिळ्याचं डोकं काहीही नको. वेगाने पाण्यावर उठणाऱ्या होडीत हिशोब उलटा: मागच्या भागात, जिथे वेगातही तळ पाण्याला चिकटलेला राहतो तिथे. आतून फासळ्या, टाकी, इंजिनाचा पाया बघून मगच खूण करा. दांडा आणि नट फिरवायला हात जाईल एवढी जागा लागते.

भोकच नको असेल, आणि होडी भरीव फायबरची असेल, तर इन-हलचा विचार करा. लाकडातून, फोममधून आणि धातूतून तो चालत नाही. जागा पक्की करायच्या आधी होडी पाण्यात असताना एक चाचणी घ्या: पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरा, तिच्यात ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडवा, तळ ओला करून पिशवी त्यावर टेकवा. आकडा स्थिर आला तर जागा चांगली. थोडी ताकद फायबरमध्ये जातेच, म्हणून खोल पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलरला मी हा पर्याय सुचवत नाही. खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्यांना उत्तम.

पायरी ६: बसवणं

नव्या भोकासाठी आतून ३ मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक पाडा. बाहेर जाऊन बघा की ते हवं तिथेच निघालंय. चुकलं असेल तर ३ मिलिमीटरचं भोक बुजवणं सोपं आहे. मग बाहेरून होल सॉ. पृष्ठभागाशी काटकोन धरून पाडा. फेअरिंग असेल तर सरळ उभा.

लाकडाच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने दोन-तीनदा भिजवून सुकू द्या. फोम किंवा बाल्सा असेल तर आतला थर आणि गाभा थोडा मोठा कापा, ती कडी इपॉक्सीने भरून घट्ट होऊ द्या, आणि मग तिच्यातून अंतिम भोक पाडा. नाहीतर नट आवळल्यावर गाभा चेपतो आणि कधीतरी पाणी त्यात शिरतं.

आजूबाजूची जागा ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून पुसा. सीलंट पाण्याखाली चालणारं, पॉलियुरेथेनचं हवं, उदाहरणार्थ सिकाफ्लेक्स २९१. खिडकीचं सिलिकॉन इथे नको. कायमचं चिकटवणारं अतिबळकट सीलंटही नको, कारण पुढच्या वेळी हा ट्रान्सड्यूसर काढणारे तुम्हीच असाल. डोक्याखाली, दांड्याभोवती आणि भोकाच्या कडेला जाड थर द्या. बाहेरून फिरवत आत ढकला, म्हणजे हवा निघते. अंगावर बाण किंवा खूण असेल तर तिची दिशा माहितीपत्रिकेप्रमाणे धरा. कललेल्या चकतीच्या प्रकारात ही दिशा चुकली तर उतार दुरुस्त व्हायच्या जागी दुप्पट होतो.

ट्रान्सड्यूसर तारेला धरून कधी उचलू नका, तारेने ओढू नका.

आतून वॉशर आणि नट. प्लॅस्टिकचा नट हाताने घट्ट, मग पान्याने अगदी थोडा. सगळीकडून सीलंटची सारखी गोट बाहेर आली म्हणजे पुरे. सगळं पिळून काढलं तर रोखायला मध्ये काही उरत नाही. लाकडी होडीत नट आत्ता बेताचाच आवळा. होडी पाण्यात गेली, लाकूड फुगलं, की मग शेवटचा हात द्या. सीलंट सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. उधाणाची भरती चुकेल म्हणून घाई करू नका, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतंच.

पायरी ७: तार

तार कापायची नाही. जास्तीची असेल तर गुंडाळून बांधून ठेवा. कनेक्टर पाइपमधून जात नाही म्हणून तार कापणं हा फार महागात पडणारा शॉर्टकट आहे. पाइप मोठा टाका. चकतीचा परतीचा सिग्नल अतिशय क्षीण असतो, आणि घरगुती जोडातून त्यात इंजिनाचा आवाज मिसळतो. लांब करायचीच असेल तर त्याच कंपनीची जोडतार घ्या आणि जोड बिल्जच्या वर, कोरड्यात ठेवा. अल्टरनेटरच्या, व्हीएचएफ रेडिओच्या आणि एआयएसच्या (होडीची ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्राच्या) तारांपासून ही तार वेगळी न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. जाळ्याची दोरी, बर्फाच्या पेट्या जिथे आपटतात तिथे पाइपात घाला.

पायरी ८: रंग

शेवाळ आणि बार्नकल रोखायला तोंडावर अँटिफाउलिंगचा एक पातळ हात द्यायला हरकत नाही, पण तो पाण्यात मिसळणाऱ्या जातीचा हवा. तळाला लावता तो थिनरवाला रंग तोंडाला नको. रंगारी येण्याआधी तोंडावर मास्किंग टेपची चकती चिकटवा आणि रंग झाल्यावर तुम्ही स्वतः ती काढा. काढायची राहिली तर सगळी मेहनत टेपखाली गेली.

पायरी ९: पाण्यात

होडी पाण्याला लागताच आत उतरून टॉर्चच्या उजेडात नटाभोवती बघा. कोरडं टिश्यू फिरवा, ओल लगेच कळते. तीन तासांच्या आत पुन्हा बघा, आणि पहिली रात्र होडी एकटी सोडू नका. बारीक गळती डोळ्याला दिसत नाही, पण २४ तासांत बिल्जमध्ये बरंच पाणी साठवते.

मग आकडा जुळवा. यंत्र ट्रान्सड्यूसरपासून खालची खोली मोजतं, पाण्याच्या पातळीपासून नाही. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ०.६ मीटर असेल तर सेटिंगमध्ये ०.६ वाढवल्यावर खरी खोली दिसते. पठाणाखाली किती पाणी उरलं हे हवं असेल तर ट्रान्सड्यूसरपासून पठाणाच्या तळापर्यंतचं अंतर वजा करायचं. दोन्हींपैकी काय ठेवलंय ते यंत्राच्या कडेला कायम शाईने लिहा. रात्री दुसरा तांडेल होडी नेईल तेव्हा त्याला अंदाज करायला लागू नये.

पडताळा शिसाचं वजन बांधलेल्या दोराने घ्या. शांत पाण्यात, भांगेच्या दिवशी (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा), भरती-ओहोटी थबकलेली असताना दोर सोडा आणि वाव मोजा. एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर. वाळूच्या तळावर दोर आणि यंत्र जुळायला हवेत. वसई, ठाणे किंवा पनवेलच्या खाडीत मऊ गाळावर ते जुळले नाहीत तर लगेच ट्रान्सड्यूसरला दोष देऊ नका. २०० किलोहर्ट्झचा आवाज पातळ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, ५०चा त्यातून खाली घट्ट थरापर्यंत जातो, आणि शिसं त्यांच्या मध्ये कुठेतरी थांबतं. दोन्ही फ्रिक्वेन्सी आळीपाळीने लावून बघा. दोन आकड्यांतला फरक हा त्या जागी गाळ किती आहे याचा अंदाज देतो, आणि चिखलात नांगर टाकणाऱ्याला किंवा ओहोटीला खाडीतून निघणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

शेवटी होडी वेगवेगळ्या वेगाने चालवा आणि कोणत्या वेगाला आकडा तुटतो ते टिपा. तो वेग, ट्रान्सड्यूसरचं मॉडेल, फ्रिक्वेन्सी, वॅट, दांड्याचा व्यास, सीलंटचं नाव आणि बसवल्याचं वर्ष एका कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून केबिनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तारेवरची पट्टी पुन्हा काळी पडेल तेव्हा हा कागद वाचता येईल.